अर्ध्या सेकंदाचं अंतर

1986 सालची गोष्ट. अकरावीच्या दिवाळीत मी काटोलकडे मामाच्या शेतावर जागलीला गेलो होतो. एका अंगाला पऱ्हाटी, दुसऱ्या अंगाला तूर, मध्ये चार बल्ल्यांवर बांधलेलं मचाण, आणि मामाच्या मांडीवर पीकसंरक्षणाच्या परवान्यावर मिळालेली बारा बोअरची दुनळी. रात्री दोनच्या सुमाराला तुरीत खसखस झाली. मामाने टॉर्च मारला. डुकराचे डोळे रोह्याच्या (नीलगायीच्या) डोळ्यांसारखे उजेडात पेटत नाहीत. एक काळा ढिगारा तेवढा दिसला. बार झाला, डुक्कर किंचाळलं आणि धुरा ओलांडून नाल्यात उतरलं. मामा म्हणाला, "चाळीस पावलं असन." सकाळी मी मोजली. एकाहत्तर भरली. तुरीच्या पानांवर कंबरेच्या उंचीला रक्ताचे शिंतोडे होते, पुढे नाल्याच्या वाळूत तेही हरवले. डुक्कर सापडलं चौथ्या दिवशी, वासावरून.

मामाचा नेम वाईट नव्हता. उडत्या होल्यावर त्याने दगड मारलेला मी पाहिला आहे. त्याचं चुकलं ते अंतर. आणि अंतर चुकलं की काय होतं, ते छऱ्यांच्या काडतुसाला विचारावं. पस्तीस-चाळीस पावलांपर्यंत छर्रे एकजूट राहतात, त्यापुढे पांगतात. सत्तर पावलांवर डुकराला दोन-तीन लागतात, आणि ते लागतात पोटात.

पुढे कधीतरी परदेशी शिकाऱ्यांची पुस्तकं आणि मासिकं चाळताना लक्षात आलं की तिकडे हाच प्रश्न उलट्या टोकाने विचारला जातो. अंतर कसं वाढवायचं? दोनशे मीटरवर हरीण पडतं, तर चारशेवर का नाही? चारशेवर पडतं, तर आठशेवर? त्यासाठी सराव, दुर्बिणी, वाऱ्याचे तक्ते. आपल्याकडे शिकारच बंद. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवान्याची थोडी वाट ठेवली होती, 1991च्या दुरुस्तीने तीही बुजवली. मग नागपुरात बसून लांबच्या नेमाचा विचार करायचं कारण काय? कारण आहे. विदर्भात जनावरावर बंदूक रोखायची वेळ दरवर्षी कुणावर तरी येते. कधी वन खात्यावर, कधी शेतकऱ्यावर. कायद्याच्या 11 व्या कलमात ती सोय आहे आणि ती वापरलीही जाते. फक्त बंदूक रोखणाऱ्याने किती आणि कसला सराव केलेला असावा, हे आपण कधी मनावर घेतलेलं नाही.

आधी लांबचा नेम म्हणजे काय ते नीट बघू, कारण त्याच्याबद्दल सिनेमाने पुष्कळ गैरसमज करून ठेवले आहेत. रायफलची गोळी सरळ जात नाही. नळीतून निघाली की त्या क्षणापासून ती पडायला लागते, झाडावरून सुटलेल्या संत्र्यासारखीच. तीस-शून्य-सहा काडतुसाची गोळी तीनशे मीटर जायला साधारण 0.42 सेकंद घेते. तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून 80 ते 90 सेंटिमीटर खाली आलेली असते. हे पडणं शिकता येतं. रायफलचा नेम दोनशे मीटरला जुळवा (झिरो करा), पुढचे आकडे दस्त्यावर चिकटवा, हिशेब संपला. आजकाल अंतर मोजणारी लेझरची दुर्बीण मिळते, वारा धरून हिशेब देणारं यंत्र मिळतं. पदार्थविज्ञानाचा भाग पैशाने सुटतो.

न सुटणारा भाग जनावराचा. चितळाच्या छातीत हृदय-फुप्फुसाची जागा म्हणजे जेवणाच्या छोट्या ताटलीएवढी, वीसेक सेंटिमीटर. चितळ चरत चालतं तेव्हा सेकंदाला सव्वा मीटर तरी सरकतं. चाप दाबला त्या क्षणी त्याने पाऊल उचललं, तर गोळी पोचेपर्यंत ते अर्धा मीटर पुढे गेलेलं असतं. छातीवर धरलेली गोळी पोटात जाते. नेम अचूक, रायफल उत्तम, वारा शून्य, आणि तरी जनावर आतडी फाटून दोन दिवस जगतं. त्या अर्ध्या सेकंदात शिकाऱ्याच्या हातात काहीच नसतं. सरावाने हात स्थिर होतो, जनावर स्थिर होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की लांबच्या नेमाचा प्रामाणिक सराव माणसाला लांबून मारायला शिकवत नाही. तो त्याला स्वतःचं अंतर शिकवतो, आणि ते जवळजवळ नेहमी वाटतं त्यापेक्षा कमी निघतं. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्यात बसवणारा माणूस उभ्याने, धापा टाकत, काट्याच्या झुडपाआडून तीच रायफल धरतो तेव्हा नाण्याची परात होते. आणि मैदानात मिळते तशी दुसरी गोळी रानात मिळत नाही. थंड नळीची पहिली गोळी तीच खरी. सराव करायचाच तर असा करावा: रोज एकच गोळी, न गरम केलेल्या नळीतून, धावून आल्यावर, अंतर न मोजता डोळ्याने ठरवून. मग वहीत लिहावं की आधी काय वाटलं होतं आणि कुठे लागली. महिनाभरात वही सांगते की दीडशेच्या पुढे तुझं काम नाही. रिकाम्या रायफलवर चाप ओढायचा सराव घरबसल्या होतो. एनसीसीच्या शिबिरात आम्हाला पॉइंट टू-टूच्या मोजून पाच गोळ्या मिळायच्या. पण त्याआधी दोन दिवस नळीच्या टोकावर नाणं ठेवून ते न पाडता रिकामा चाप ओढायला लावायचे. कंटाळा यायचा. आता कळतं की शिकवलं ते तेवढ्यातच.

महाराष्ट्राला नेमबाजीचं वावडं नाही, उलट बरंच वैभव आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोन रायफलचं जागतिक विजेतेपद मिळवलं. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. त्या खेळात लक्ष्याच्या मधलं दहाचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटरचं असतं, करंगळीच्या नखाएवढं, आणि ते पन्नास मीटरवर. श्वास अर्धा सोडून थांबायचं, दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत चाप सुटायचा. ही माणसं रानात नेमबाज म्हणून थोरच ठरतील. पण कागद पाऊल उचलत नाही आणि कागदाच्या मागे तेंदूपत्ता तोडणारी बाई नसते. चुकलेली रायफलची गोळी तीन-चार किलोमीटर सहज जाते. काटोल-कळमेश्वरच्या सपाटीवर तीन किलोमीटरात किती वस्त्या, किती मोटारपंपावरची माणसं येतात ते तिथे राहणाऱ्यालाच विचारा. मचाणावरून खाली मारलेली गोळी जमिनीत जाते, आडवी मारलेली गावात जाऊ शकते. जुने लोक मचाण बांधायचे त्यात ही अक्कल होती.

जुन्यांचाच विषय निघाला म्हणून. 1861मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. त्या सुरुवातीच्या काळात इथे आलेला जेम्स फॉर्सिथ हा लष्करी अधिकारी, पचमढीला बंगला बांधणारा. त्याची दोन पुस्तकं आहेत. पहिलं 1863चं, शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर, सगळं वेग, वजन आणि नळीच्या पिळाचं गणित. दुसरं तो गेल्यावर 1871मध्ये आलं, मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावर, त्यात साल, सागवान, गोंड, गवा, वाघ. गणिताचं पुस्तक आधी आणि रानाचं नंतर, हा क्रम मला फार सूचक वाटतो. बंदुकीत रस असलेला माणूस रानात राहिला की रानात रमतो. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांचं तसंच झालं. बंदूक घेऊन हिंडणारा माणूस पुढे नागझिऱ्यात नुसता बघत बसला.

मी त्या शिकारीचं गुणगान करत नाही. राजे-साहेबांनी शंभर-शंभर वाघ मारले आणि भिंती भरल्या, त्यात गौरव काही नाही. पण त्या काळच्या रिवाजात एक गोष्ट खरी होती. कौशल्य मोजलं जायचं ते जवळ जाण्यावरून. माग काढणारा गोंड किंवा पारधी वाऱ्याची दिशा धुळीच्या चिमटीने बघायचा, सावजाच्या अंगावर जायचा, आणि शिकाऱ्याला वीस-तीस पावलांवर आणून उभं करायचा. आणि जनावर जखमी करून तंबूत परतणाऱ्याबद्दल लोक चांगलं बोलत नसत. जखमी केलंस, मग मागावर जा, पायी जा, आणि संपव. हा नियम भूतदयेपेक्षा व्यवहारातून आला होता. जिम कॉर्बेटने 1907मध्ये चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर 436 माणसं होती. तिचे उजवीकडचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले निघाले, जुन्या गोळीने. म्हणजे कुणीतरी कधीतरी एक बार टाकला, तो जबड्याला लागला आणि तो माणूस घरी गेला.

आता आपल्याकडच्या पांढरकवड्याच्या वाघिणीकडे येऊ. अवनी ऊर्फ टी-1 या वाघिणीवर 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं, सर्वोच्च न्यायालयात गेलं. रानात हत्ती आले, कुत्री आली, कॅमेरे लागले, पॅराग्लायडर आला, अत्तराची आमिषं लावली. अखेर 2 नोव्हेंबर 2018च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ हैदराबादहून आलेल्या खाजगी शिकाऱ्याच्या गोळीने ती मेली. मागे दहा महिन्यांचे दोन बछडे राहिले. शवविच्छेदन नागपुरात गोरेवाड्याला झालं आणि मग जे रान पेटलं ते दिल्लीपर्यंत. वाद झाला तो आत्मसंरक्षण की हत्या यावर, मंत्र्यांच्या राजीनाम्याच्या मागणीवर. बेशुद्ध करायच्या डार्टमधलं औषध कितीतरी आधी भरून ठेवलं होतं, असा आक्षेप चौकशीत निघाला, तो चार ओळींत आटोपला. माझ्या मते खरी बातमी त्या चार ओळींत होती. गोळी जवळूनच सुटली होती, लांब नेमाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो त्याआधीच्या नेमाचा, म्हणजे डार्टचा.

डार्टबद्दल लोकांची समजूत अशी की बंदुकीसारखंच काहीतरी असतं, मारलं की वाघ झोपतो. हिशेब करून पाहा. डार्ट म्हणजे औषधाने भरलेली सिरिंज. ती सेकंदाला साठेक मीटरने जाते, कारण त्याहून जोरात मारली तर हाड मोडतं किंवा सुई पोटात घुसते. तीस मीटर जायला तिला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात ती सव्वा मीटर खाली येते. म्हणजे डार्टचे तीस मीटर हे रायफलच्या तीनशे मीटरहूनही थोडे जास्तच भरतात. थोडा जास्त वेळ, जास्त पडणं, आणि वाघाने पाऊल उचलायला जास्त मुभा. शिवाय लागायला हवी खांद्याच्या किंवा मांडीच्या मांसात. वजनाचा अंदाज चुकला तर औषध कमी पडतं किंवा जीव घेतं. लागल्यावरही जनावर दहा-पंधरा मिनिटं उभं असतं, धावतं, विहिरीकडे जाऊ शकतं, भोवती जमलेल्या चारशे माणसांकडे जाऊ शकतं.

म्हणजे लांब पल्ल्याची नेमबाजी विदर्भात आहेच. ती चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळच्या धानाच्या बांध्यांत आणि पऱ्हाटीच्या तासांत, संध्याकाळच्या अर्धवट उजेडात, तीस मीटरवर चालते. परदेशातला हौशी शिकारी ज्या अर्ध्या सेकंदासाठी वर्षभर गोळ्या झाडतो, तोच अर्धा सेकंद आपण पशुवैद्यकाच्या किंवा एखाद्या वनरक्षकाच्या हाती देतो. चार दिवसांचं प्रशिक्षण झालं की त्याला तज्ज्ञ म्हणतो, आणि चुकला की वर्तमानपत्रात फोटो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नियमावलीत मारायची वेळ आलीच तर आधी खात्यातला कुशल माणूस, तो नसेल तरच बाहेरचा, असा क्रम आहे. क्रम बरोबर आहे. खात्यात तो माणूस तयार करायचा कुणी, हे मात्र नियमावली सांगू शकत नाही.

नॉर्वेत मोठ्या जनावराच्या शिकारीला जायचं तर दरवर्षी परीक्षा द्यावी लागते. आधी सरावाच्या 30 गोळ्या झाडल्याची नोंद, मग शंभर मीटरवर पाच गोळ्या, पाचही 30 सेंटिमीटरच्या वर्तुळात. एक बाहेर गेली की नापास. ज्या देशात शिकार हा घरोघरचा उद्योग आहे तिथे सरकार शंभर मीटरवरच परीक्षा घेतं. माणसाला दरवर्षी आपल्या हाताची आठवण करून द्यायला तेवढं पुरतं. चाळिशीनंतर डोळे बदलतात, हे शिकाऱ्याला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं.

आपल्या शेतकऱ्याचं बघा. रानडुकराने एका रात्रीत दीड एकर भुईमूग नांगरल्यासारखा उकरलेला ज्याने पाहिला नाही त्याने त्याला अहिंसा शिकवू नये. रोह्यांचा कळप तुरीत शिरला की सकाळी खुंट उरतात. वनक्षेत्रपालाकडे अर्ज करून मारायची परवानगी कागदावर मिळू शकते. पण मारणार कशाने? परवान्याची बंदूक गावात एखादी, काडतुसं वर्षाला मोजून, त्यामुळे सरावाला एकही खर्च करवत नाही. निवडणूक आली की तीही ठाण्यात जमा. म्हणजे ज्याला परवानगी दिली त्याने आयुष्यात दहा बार काढलेले नसतात, आणि अकरावा तो अंधारात, जिवंत जनावरावर काढतो. बाकीचे मग झटका मशीन लावतात. ज्याला तेही परवडत नाही तो थेट लाइनची तार सोडतो. त्या तारेला डुकरासोबत वाघही मरतो आणि पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही.

इथे मित्र नेहमी अडवतात. म्हणतात, बंदूक शिकवली की शिकारी वाढतील. मला हे पटत नाही. चोरट्या शिकाऱ्याला नेम लागतच नाही. तो फासे लावतो, पाणवठ्यात विष टाकतो, मोहाच्या झाडाखाली कणकेत गावठी बॉम्ब ठेवतो. डुकराने चावला की जबडा उडतो. नेमबाजी शिकायची चिकाटी असलेला माणूस असली कामं करत नाही, असं मी म्हणणार नाही, पण फासेवाल्याला तिची गरज नाही एवढं नक्की. दुसरे मित्र म्हणतात, मारायचंच कशाला, कुंपण घाला, भरपाई द्या. कुंपण घालाच, भरपाई वेळेवर द्याच. तरीही एक वाघ, एक बिबट, डुकरांचा एक कळप असा उरतो की बंदूक उचलावी लागते. तेव्हा बंदूक कुणी उचलायची ते आधी ठरलेलं हवं. केरळने 2022पासून रानडुकरांपुरतं ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाला आदेशाचा अधिकार दिला आणि परवानाधारक नेमबाजांच्या याद्या केल्या. त्यातही खोट आहे, पण निदान मारणारा कोण हे आधी लिहिलेलं असतं. 2016मध्ये बिहारमधल्या मोकाम्यात बाहेरून नेमबाज बोलावून थोड्या दिवसांत दोनशेच्या वर रोही मारले, ते मला या प्रश्नाचं उत्तर वाटत नाही. तो कंत्राटी निकाल झाला. कंत्राटदार जातो, जखमी रोही रानात राहतात, त्यांच्या मागावर जायची अट कंत्राटात नसते.

नागपूरच्या भोवती अंबाझरी, जवाहरनगर, भद्रावती असे दारूगोळ्याचे सरकारी कारखाने आहेत. गोळ्यांची वाण या मुलखात कधी पडणार नाही. वाण आहे ती वर्षभर गोळ्या झाडून वही भरणाऱ्या माणसांची. प्रत्येक वनवृत्तात चार-सहा जण असे असावेत, खात्याचे, पगारी. त्यांना दर महिन्याला मैदान आणि पुरेसे डार्ट मिळावेत, दरवर्षी परीक्षा व्हावी, आणि नापास झाला त्याने त्या वर्षी बंदूक उचलू नये, मग वरून कितीही फोन येवोत. त्या परीक्षेत एक प्रश्न असा असावा की लक्ष्य समोर आहे, आवाक्याबाहेर आहे, लोक मागे ओरडताहेत, तू काय करशील. जो मारेन म्हणेल त्याला परत पाठवावं. मला माहीत आहे, हे लिहायला सोपं आहे. गाव जमलेलं असतं, आदल्या दिवशी कुणाची तरी बायको गेलेली असते, आणि अशा वेळी "तीस मीटरच्या आत येऊ द्या" म्हणून थांबणाऱ्याला लोक भेकड म्हणतात. त्या क्षणी त्याला आधार देईल अशी एकच गोष्ट आहे, त्याची स्वतःची वही.

त्या डुकरानंतर मामाने मचाणाच्या तीन बाजूंना बरोबर तीस पावलांवर तीन मोठे दगड रोवले आणि चुन्याने पांढरे केले. अंधारात दिसायचे. दगडाच्या अलीकडे आलं तर बार, पलीकडे असेल तर डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, शिव्या घालायच्या. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्याने बार काढले असतील तीन-चार. पीक जायचं ते जायचंच, त्याबद्दल तो कुरकुरायचाही. मामा गेल्यावर दुनळी मामेभावाने ठाण्यात जमा केली, परवाना त्याला नको होता. मचाणही आता नाही. दगड आहेत. चुना कधीच उडाला, पण नांगरटीला येणारा ट्रॅक्टरवाला अजून त्यांना वळसा घालून जातो, आणि दरवर्षी विचारतो की काढून टाकू का.